कडसोबत

त्या सुमारास कॉम्प्युटरचे पडदे मापाने मिळायला लागले होते. दुकानात जाऊन "एवढ्या इंचांचा द्या" म्हणायचे दिवस संपले. आधी नजरेचं माप द्यायचं, मग पडदा घरी यायचा. माणसं घरी बसूनच काम करत, घरी बसूनच खेळत. दिवसाचे दहा-बारा तास ज्याच्यासमोर काढायचे, ती वस्तू अंगाला बेतलेली नको का?

विद्याधर खांबेटे नाशिकच्या मापघरात गेले, ते मुलीने पिच्छाच पुरवला म्हणून. खांबेटे नकाशे काढणारे. जुन्या कागदांवरच्या जमिनीच्या हद्दी पडद्यावर उतरवायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या चौकोनी पडद्यावर अख्खं गाव कधी मावलंच नाही, तुकड्यातुकड्यांनी बघावं लागे. शिवाय रविवारी सकाळी ते आणि ऑस्ट्रेलियात होबार्टला राहणारी ही मुलगी ऋतुजा ट्रक चालवायचा खेळ खेळत. दोघांचे दोन ट्रक, एकच घाट. बाजूने येणारा तिचा ट्रक त्या पडद्यावर दिसायचाच नाही, मग ती हसायची. पत्नी सुनीती जाऊन चौदा महिने झाले होते. रविवारचा तो तास सोडला तर घरात बोलणं असं नव्हतंच. घर खायला उठायचं, पण हे सांगायचं कुणाला?

माप घ्यायला डॉक्टर निलोफर मुजावर स्वतः बसल्या. नेत्रविज्ञानातल्या संशोधक, आणि हे पडदे मुळात त्यांनीच घडवलेले.

"काका, समोरच्या लाल ठिपक्यावर नजर ठेवा. माझं बोट कडेने येईल. दिसलं की 'आलं' म्हणा. मान मात्र वळवायची नाही."

"आलं," खांबेटे म्हणाले.

"डावी कड चांगली तीक्ष्ण आहे तुमची. काही कारण?"

"दार डावीकडे आहे घरात. बायको तिथून चहा घेऊन यायची आणि उभी राहायची. मी 'ठेव' म्हणेपर्यंत बोलायची नाही. रेघ हलेल म्हणून." खांबेटे ठिपक्याकडेच बघत होते. "वर बघायचोही नाही मी, खरं सांगायचं तर."

डॉक्टरांनी माप लिहून घेतलं आणि दोन पडदे दाखवले. दोन्ही हातभर उंच, दोन हात पसरावेत एवढे रुंद, आणि बाक दिलेले.

"हा बाक कशाला?" खांबेट्यांनी विचारलं. "दिसायला?"

"नाही हो. एवढा रुंद पडदा सपाट केला तर त्याची टोकं डोळ्यापासून लांब जातात. मधलं आणि कडेचं बघताना डोळ्याला सारखा नेम बदलावा लागतो, मग डोकं चढतं. बाक दिला की प्रत्येक ठिकाण डोळ्यापासून सारख्याच अंतरावर राहतं. पहिला पडदा एवढंच करतो. दुसऱ्यात कडसोबत आहे."

कडसोबत म्हणजे कडेची सोबत. शब्द डॉक्टरांचाच. डोळ्याच्या मध्यभागाने आपण वाचतो, चेहरे ओळखतो. कडेच्या भागाला चेहराही कळत नाही आणि रंगही धड कळत नाही. त्याला कळते फक्त हालचाल. पण त्या हालचालीवरून मेंदू एक निर्णय घेऊन टाकतो, की इथे आपलं कुणीतरी आहे. माणसाचं एकटेपण बरंचसं तिथे ठरतं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. म्हणून या पडद्याच्या दोन्ही टोकांना एक धूसर हालचाल सोडलेली असे. कुणी येतंय, टेकतंय, उठतंय, एवढीच.

"आणि तिकडे बघितलं तर?"

"विझते. पडद्याला तुमची नजर कळते. नीट बघाल तर नुसता डाग दिसेल, म्हणून त्याआधीच ती जाते."

खांबेट्यांनी पडद्याच्या डाव्या टोकाकडे बघितलं. मग म्हणाले, "माझ्या जुन्या पडद्यावर कॅमेरा होता. सहा वर्षांच्या मीटिंगा साठवलेल्या आहेत. त्यात मागे सुनीती येता-जाताना दिसते. तिची चाल घालता येईल?"

डॉक्टरांना हे आवडलं नाही. "येईल. चेहरा लागत नाही, चाल पुरते. पण काका, तुम्ही पहिला घ्या. नकाशांना पुरेल, खेळायलाही पुरेल."

"नकाशांचं जाऊ द्या हो. मला घरात कुणीतरी हवंय."

डॉक्टरांनी दुसरा पडदा लिहून घेतला. त्यांनी एकच अट घातली. दर तासाला एकदा मान पुरती वळवून दाराकडे बघायचं. सोबत विझेल, विझू द्यायची. कडेला काही हललं की मान वळते, ही माणसाची जन्मजात खोड आहे, ती मोडता कामा नये.

खांबेट्यांनी कबूल केलं. पहिल्या दिवशी अकरा वाजता डाव्या कडेला सुनीती आली आणि उभी राहिली. तीच ती, एका पायावर भार देऊन. "ठेव," ते म्हणाले आणि रडले. बारा वाजता अट आठवली म्हणून मान वळवली, तर ती गेली. तिथे नुसतं दार होतं, बाकी काही नव्हतं. एक वाजता पुन्हा गेली. तासातासाला बायको जाताना बघायची ताकद कुणाकडे असते? तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मान वळवणं सोडून दिलं.

सोबत लागली. जेवण वेळेवर व्हायला लागलं, झोप लागायला लागली. रेघा मारता मारता ते डावीकडच्या तिला सगळं सांगत. या गावाची हद्द ओढ्याने खाल्ली, त्या गावात दोन भावांनी बांधावरून काय काय केलं. अख्खं गाव समोर आणि ती बाजूला. आणखी काय पाहिजे, असं त्यांना वाटे, आणि मला विचाराल तर त्यात त्यांचं फार चुकतही नव्हतं.

खटकलं ते ऋतुजाला. आता पडदा चांगला हात पसरावेत एवढा रुंद, तरी घाटात तिचा ट्रक डावीकडून आला की बाबा धडकायचेच.

"बाबा, मी तीनदा हॉर्न दिला."

"ऐकला की."

"मग बघितलं का नाहीस?"

तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, "डोळे ठणठणीत आहेत. पण वळलं की माणूस जातं, हे त्यांचा मेंदू शिकला असेल. तसं असेल तर माझ्याकडे त्याला औषध नाही. तुम्ही या."

ऋतुजा दोन विमानं बदलून आली. सकाळचे अकरा वाजले होते. तिने आपल्या किल्लीने दार उघडलं आणि बॅग खांद्याला तशीच ठेवून बाबांच्या डावीकडच्या दारात उभी राहिली. बाबांनी वळून दचकावं, ओरडावं, एवढी तिची हौस होती. बाबा नुसतेच हसले, समोर बघत.

"ठेव," ते म्हणाले.

"बाबा, मी आहे. ऋतू."

त्यांचा हात टेबलावर घट्ट झाला. "ऋतू? कधी आलीस गं? खाल्लंस का काही?" आवाजात केवढा आनंद होता. मान मात्र सरळच राहिली.

"वळ ना इकडे."

"वळतो," ते म्हणाले. मानेची शीर ताठ झाली. कपाळावर घाम आला. "अगं, वळलो की जातेस तू."

ऋतुजाने पुढे होऊन प्लग काढला. रुंद पडदा काळा पडला. "आता काही नाही तिथे. मी आहे फक्त. मी कुठेही जात नाही." ती पुन्हा डावीकडे जाऊन उभी राहिली. ते वळणार, याची तिला खात्री होती.

ते वळले नाहीत. काळ्या काचेत जिथे मधोमध नकाशा असायचा, तिथेच त्यांची नजर होती. चेहऱ्यावर समाधान होतं. "तू आहेस हे कळतंय ना मला," ते हलकेच म्हणाले. "मग पुरे की, बाळा. तिथेच थांब."

निदान मी दिसते तरी का, म्हणून तिने हात वर केला आणि तो त्यांच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला.

"आलं," खांबेटे म्हणाले, मापाच्या दिवशी म्हणाले होते तसं, आणि समोर बघत राहिले.