दहा मिनिटांनी रुसणारी गाडी

धुकं अजून रस्त्यावरून उठलं नव्हतं. गॅरेजचं शटर नुकतंच वर करून ती दारात पाणी मारत होती, तेवढ्यात त्या पांढुरक्या धुक्यातून एक मोटरसायकल आली... अजिबात आवाज न करता. तिला ढकलणारा माणूस मग दिसला. उंच, बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम आणि तरीही ओठांवर हसू.

"भंगारवाल्याचं दुकान याच रस्त्याला ना?"

तिने पाइप खाली टाकला. "कशाला?"

"हिला पोचवायचीय."

टाकी निळी होती, धुळीनं माखलेली. तिने न विचारताच त्या धुळीतून एक बोट फिरवलं. मग किकवर पाय ठेवून हळूच दाब दिला. आतून घट्ट, दमदार उत्तर आलं.

"इंजिन ठणठणीत आहे हिचं! चांगल्या धडधाकट गाडीला भंगारात काय घालताय?"

"भाऊजी म्हणाले, जिन्याखालची जागा रिकामी कर. ताई म्हणाली, एक तर गाडी काढ, नाहीतर स्वतः तरी नीघ. दोघांत गाडी ढकलायला सोपी वाटली."

ती हसली. सकाळी सकाळी, अनोळखी गिऱ्हाइकासमोर, असं हसायची तिची रीत नव्हती.

तो हवामान खात्यातला. तीन वर्षं एका लांबच्या बेटावर राहून रोज ढग, वारा आणि पारा यांची नोंद करत होता. महिन्यापूर्वी रजेवर बहिणीकडे आला होता. तेवढी तीन वर्षं गाडी जिन्याखाली झाकून पडली होती. आणि ती? बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून गॅरेज तिचंच. बाबा दारातल्या खुर्चीत डोळे मिटून बसत आणि नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगत. तिला बघायला आतापर्यंत दोघं येऊन गेले. दोघांनीही चहा संपायच्या आत विचारलं होतं, "लग्नानंतर हे बंद कराल ना?" दोघांनाही तिने त्यांच्या चपला कुठे आहेत ते दाखवलं होतं.

"वास घ्या," टाकीतलं पेट्रोल डब्यात उतरवत ती म्हणाली.

तो वाकला. "ई! रंगाच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय."

"शिळं झालंय. तीन वर्षं ठेवलंत, मग काय होणार?"

"बिचारं वाट बघून बघून..."

"पेट्रोल वाट बघत नाही. खराब होतं," ती म्हणाली, पण मान खाली घालून, हसू दिसू नये म्हणून.

नवी बॅटरी बसली, नवा प्लग बसला. गाडी सुरू झाली, पण चोक ओढून धरला तरच. ॲक्सिलरेटर पिळला की खोकून गप्प. तिने कार्बोरेटर उघडला. आतलं इवलंसं पितळी जेट, ज्याच्या भोकातून पेट्रोल जातं ते, चिमटीत धरून उजेडाकडे केलं आणि त्याच्या डोळ्यासमोर नेलं.

"ढग बघायची सवय आहे ना? यातून आभाळ दिसतंय का सांगा."

"काळोख आहे."

तिने बारीक तार घातली, फुंकर मारली. "आता?"

त्याने एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. "आभाळाचं नक्की सांगता येत नाही... पण तुमच्या नाकावर काळं लागलंय."

तिने मनगटानं नाक पुसलं. काळं गालावर गेलं. त्याने ते सांगितलं नाही, नुसता बघत राहिला.

संध्याकाळी गाडी झकास चालू झाली. तो हात हलवत गेला. गॅरेज एकदम रिकामं वाटलं, आणि तसं का वाटावं ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तो हजर. गाडी ढकलत.

"दहा मिनिटं फुलासारखी चालते. मग रुसते. थोडा वेळ समजूत काढली की पुन्हा चालते."

तिने टाकीत डोकावलं, वायरी तपासल्या, गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवली. काही नाही! तो घेऊन गेला... परवा पुन्हा ढकलत आला. मग तेरवा. आठवडाभर हेच. तो आला की काम जरा लांबायचंच. तो बेटावरच्या गोष्टी सांगायचा... भरतीच्या रात्री खोलीचं दार आपोआप कसं वाजतं, पहाटेचं धुकं खिडकीतून आत कसं येऊन बसतं. पाना हातात धरून ती ऐकायची आणि कुठला नट सोडायला बसली होती तेच विसरायची.

"रुसते ती गाडी, की गाडीवाला?" खुर्चीतून बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच.

तिचे कान तापले. "आज मी मागे बसते," तिने त्याला फर्मावलं. "आणि बंद पडली नाही ना, तर तुमची खैर नाही!"

दुपार कलली होती. तळ्याकाठचा रस्ता मऊ उन्हात झोपल्यासारखा पडला होता. वारा त्याच्या मानेवरून तिच्या केसांत शिरत होता. तिने सीटची कड धरली होती, पण वळणावर हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला... आणि वळण संपलं तरी तिथेच राहिला.

बरोबर दहा मिनिटं. मग एक आचका, दोन आचके, शांतता. खोटं बोलत नव्हता तर!

ती उतरून गाडीशेजारी उकिडवी बसली. तो आभाळाकडे बघत उभा.

"ते पिसांसारखे ढग... उद्यापर्यंत वारा सुटेल." मग आवाज उतरला. "बेटावरून पत्र आलंय. आणखी दोन वर्षं बोलावतायत. उद्या अकरापर्यंत होय की नाही सांगायचंय."

तिचे हात थांबले. "कधी आलं पत्र?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस! आणि रोज माझ्यासमोर बसून गप्पा मारताय?"

"सांगितलं असतं, तर निरोपाच्या गप्पा झाल्या असत्या," तो हळूच म्हणाला. "आणि गाडी बरी झाली, की तुमच्याकडे यायला निमित्त उरणार नाही. रोज घरून निघताना म्हणायचो... आजही बंद पडू दे."

तिने रागारागानं टाकीचं झाकण पिळून उघडलं.

फुस्स!

टाकीनं मोठा श्वास घेतला. ती थबकली. झाकण उलटं करून बघितलं. हवेच्या बारीक छिद्रात कुंभारमाशीनं घर केलं होतं. मातीचं, वाळून टणक झालेलं. गॅरेजमध्ये ती पेट्रोल बघायला झाकण काढायची आणि तसंच उघडं ठेवायची, म्हणून तिथे गाडी कधी बंदच पडली नाही!

खिशातल्या तारेनं तिने माती कोरून काढली. "पेट्रोल खाली उतरायचं, तर वरून हवा आत यायला हवी. ही वाट बुजली, की दहा मिनिटांत आत कोंडतं."

"कळतं मला," तो म्हणाला. "माझंही तसंच..."

"गाडीबद्दल बोलतेय मी!"

परतताना गाडी एकदाही अडखळली नाही. ती दारात उतरली. "झाली दुरुस्त. आता कुठेही जा," एवढंच म्हणाली आणि मागे न बघता आत गेली.

"गाडी छान वाजतेय," बाबा म्हणाले. "तू का बंद पडलीस, पोरी?"

तिने सगळं सांगितलं. बाबांनी डोळे उघडले. "गॅरेज बंद कर म्हणाला का कधी?"

"नाही. उलट पाने जागेवर लावून ठेवतो."

"मग थांब म्हणालीस त्याला?"

"...नाही."

"तो तुला काही म्हणाला?"

"अर्धवट. मी बोलूच दिलं नाही."

"कमाल आहे! मग आठ दिवस दोघांनी केलं काय?"

"कार्बोरेटर साफ," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दहाला तिने शटर खाली ओढलं. कामाच्या दिवशी, भर सकाळी, असं पहिल्यांदाच. त्याच्या ताईचं घर तिने कधी पाहिलं नव्हतं. पाण्याच्या टाकीमागे, एवढंच ऐकलं होतं. खरंच वारा सुटला होता. ती चालत होती ती हळूहळू पळायला लागली... आणि वळणावर समोरून निळी गाडी आली. तिने रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरले.

ब्रेक करकचला.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"उत्तर दिलंत?"

"द्यायलाच निघालोय. पण वाटेत कुणाला तरी विचारून मग ठरवणार होतो."

"कुणाला?"

तो नुसता बघत राहिला, त्या दिवशी तिच्या काळ्या गालाकडे बघत होता तसा.

"जाऊ नका," ती म्हणाली. धाप लागली होती. "म्हणजे... मी सांगणारी कोण, पण... जाऊ नकोस."

त्याने इंजिन बंद केलं. रस्ता एकदम गप्प झाला.

"वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. शेवटचं पुन्हा म्हण ना."

"जाऊ नकोस. निमित्त नसलं तरी ये. रोज ये."

"गावातल्या आमच्या कचेरीत एक जागा आहे," तो म्हणाला. "बेटासारखी मजा नाही तिथे. कागदच जास्त. पण खिडकी मोठी आहे... आणि पाचला सुटी होते. अकराच्या आत जाऊन सांगायला हवं. येतेस?"

तिने घड्याळ पाहिलं. साडेदहा होऊन गेले होते. मग गाडीच्या हँडलवर हात ठेवला.

"तू चालवलीस तर बारा वाजतील. सरक मागे," ती म्हणाली. "आणि घट्ट धर."