शून्य रुग्णांचा आजार

दुर्मीळ आजारांच्या केंद्रात भिंतभर दिवे होते. एका आजाराला एक दिवा. औषधचाचण्या (नवं औषध माणसांवर काळजीपूर्वक पारखून पाहणं) जितक्या जास्त, तितका दिवा प्रखर. पाच-सहा दिवे डोळे दिपवत होते. बाकी भिंतीवर अमावास्या.

“आजोबा, दुर्मीळ तर सगळेच ना? मग असं का?” अन्विताने विचारलं.

केंद्रप्रमुख डॉ. रमाकांत साळोख्यांना व्याख्यानाला एवढं निमित्त पुरे होतं. “संशोधक मळलेली वाट सोडत नाहीत, बाळ. ज्या आजाराचं कारण कळलंय, रुग्ण कुठे आहेत ते ठाऊक आहे, तिथे पुढची चाचणी सोपी. पंगतीत वाढपी ओळखीच्या पानावरच पुन्हा जिलेबी वाढतो, तसं!”

“आणि हा पार विझलेला?”

टिपण्या, म्हणजे नोंदी सांभाळणारा यंत्रमानव, म्हणाला, “आकुंचनिका. बोटं आखडत नेणारा आजार. नोंदलेले रुग्ण शून्य. मग चाचणी कुणावर करणार?”

“शून्य कसे? आपला तुषारकाका आहे की!” सकाळीच तिने काकाच्या शर्टाची बटणं लावून दिली होती. “नोंदीसाठी आपल्या घराने भरलेला अर्ज काढ बरं.”

“अठरा वर्षांपूर्वीचा. आनुवंशिक (आईवडिलांकडून मुलांकडे येणारा) आजार घरात आहे? उत्तर : नाही. भरणारे : डॉ. रमाकांत साळोखे.”

आजोबा चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

“तेव्हा तुझ्या सईआत्याला स्थळ आलं होतं,” ते पुटपुटले. “वाढप्याला नावं ठेवतोय, आणि पोराचं पान मीच उचलून ठेवलं.”

अन्विताचे कान तापले. “मीही वर्गात सांगितलंय, काकाच्या हाताला चेंडू लागला म्हणून.”

मग आजोबांनी फोन लावला. “तुषार, आजाराच्या नोंदीत तुझं नाव घालू?”

“घाला की! विचारायला अठरा वर्षं लावलीत, बाबा.”

मग त्यांनी सईआत्यालाही फोन करून सगळं सांगितलं. ती हसतच सुटली. “अहो बाबा, सासूबाईंचे मामेभाऊ माझ्या लग्नात हात शालीखाली घेऊन बसले होते. तीच बोटं! इकडेही सगळे ‘नाही’च लिहितात.”

“त्यांना विचारशील?” आजोबांचा आवाज एवढा खाली गेलेला अन्विताने कधी ऐकला नव्हता.

मामेभाऊ ‘हो’ म्हणाले.

“नोंद दोन,” टिपण्या म्हणाला. “चाचणीला किमान चाळीस लागतात.”

दिवा काही लागला नाही. “पण शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच,” अन्विता म्हणाली. “दोनाला वीसने गुणलं की झालेच चाळीस!”

मग तिने वर्गाच्या गटावर लिहिलं : ‘काकाला चेंडू लागला नव्हता. मी खोटं बोलले. त्याला आकुंचनिका आहे. तुमच्याकडे कुणाला आहे का?’

तिने डोळे मिटले आणि पाठवून दिलं.