गाण्याआधीची बडबड

"हे ऐकीव नाही," मामा म्हणाला. "ज्याच्या बाबतीत घडलं, त्याच्यासोबत मी दहा वर्षं काम केलंय. गच्चीवरचा दिवा घालवा आधी."

भाच्याने दिवा घालवला. भाची म्हणाली, "मामा, भुतं तुझ्या ओळखीच्यांनाच बरी भेटतात."

"ऐकायचंय की जाऊ खाली?"

मग तो सांगू लागला.

त्या माणसाला सगळे टेपवाला म्हणत. घराच्या मागच्या खोलीत तो जुन्या टेपा दुरुस्त करायचा. गेल्या नोव्हेंबरात त्याच्याकडे एक गिटारवाला आला. वय पंच्याहत्तर, केस काळेकुळकुळीत रंगवलेले, बोटांत तीन अंगठ्या. सत्तरच्या दशकात जेमतेम चौदा महिने टिकलेल्या एका बँडमधला हा शेवटचा जिवंत माणूस. सोबत खोकं, खोक्यात अकरा रिळं: काही स्टेजवरच्या कार्यक्रमांची, बाकीची स्टुडिओत कच्ची करून ठेवलेली गाणी. त्या बँडचं असं काही शिल्लक आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. टेपवाला मात्र वीस वर्षं त्यांच्या टेपांच्या मागावर होता. खोकं बघूनच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"एक रेकॉर्ड कंपनी बाजारात आणतेय हे सगळं," गिटारवाला म्हणाला. "गाण्याआधीची बडबड तेवढी कापून टाक."

बडबड म्हणजे त्यांची गायिका. चौदाव्या महिन्यात ती गेली. तेवीस वर्षांची होती. स्टुडिओच्या जिन्यावरून पडली म्हणे. कशी पडली हे सांगायला तिथे एकटा गिटारवालाच होता. पुढे सगळ्या चालींवर नाव लागलं ते त्याचंच.

"कॉम्प्युटरवर कापतो," टेपवाला म्हणाला. "मूळ टेप राहू दे जशी आहे तशी."

"मूळच राहायला नको. मी समोर बसणार, तुकडे घेऊन जाणार. आणि रेकॉर्डच्या पाकिटावर तुझंही नाव छापू की. ठळक."

एकाचं पुसायचं आणि दुसऱ्याला छापायचं आमिष दाखवायचं. म्हाताऱ्याने जन्मभर हाच धंदा केला होता, आणि वर लोक त्याला ज्येष्ठ म्हणत होते. टेपवाल्याला हे जागच्या जागी कळलं. कळूनही तो हो म्हणाला.

टेपा कुजल्या होत्या. वरचा लेप चिकट, वास ओल्या मोज्यांचा. अशा टेपा फळं सुकवायच्या यंत्रात आठ तास मंद उबेवर ठेवतात. मग त्या नीट वाजतात, पण इतक्या सडलेल्या असल्या तर एकदाच. दुसऱ्यांदा लावल्या की लेप शेंबडासारखा सुटून येतो. "ते यंत्र आता तुम्हालाच लखलाभ," बायको म्हणाली. "माझी सफरचंदं त्यात जायची नाहीत."

मंगळवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी टेपवाल्याने ब्लेड हातात घेतलं. गिटारवाला सोफ्यावर, बूट न काढता. काडीने दाढ कोरायचा आणि काडी सोफ्याला पुसायचा.

टेप कुठे कापायची ते ऐकून ठरतं. टेपच्या यंत्राची मोटर बंद ठेवून दोन्ही रिळं हातांनी मागेपुढे फिरवायची. हात हलेल तेवढाच आवाज. हळू फिरवलं की बाईचा आवाजही घोगरा होतो, कुणी ओकतंय असा.

"नाही... तिथे एक सूर खाली ये. पुन्हा," पहिल्या रिळावर ती म्हणाली. तिने चाल गुणगुणून दाखवली. गिटार चाचपडत तिच्यामागून आली. चाल कुणाची, हे बहिऱ्यालाही कळलं असतं.

टेपवाल्याने कापलं. तुकडा म्हाताऱ्याच्या पिशवीत गेला. मग पुढचं गाणं एकदाच वाजवून कॉम्प्युटरमध्ये घेतलं. गिटार खणखणीत होती. म्हाताऱ्याने पायाने ताल धरला. "काय वाजवायचो मी."

"आणि हा कापतच राहिला?" भाचीने विचारलं.

"दहा रिळं."

"शी."

मामा म्हणाला, अकरावं रीळ चढवलं तेव्हा पावणेदोन झाले होते.

"पुन्हा," ती म्हणाली. टेपवाल्याने रीळ मागे घेतलं. पुढे घेतलं. जागा सापडली. त्याने हात थांबवला.

आवाज थांबला नाही.

रिळं स्थिर. मोटर बंद. आणि ती गुणगुणत होती... घोगरेपणा गेला होता. शेजारी बसून गुणगुणावं तशी...

त्याने सोफ्याकडे पाहिलं. काडी म्हाताऱ्याच्या दातातच राहिली होती.

"तुम्हालाही..."

"काप."

"पण हात तर..."

"काप म्हणतो ना."

त्याने कापलं. टेपेची दोन टोकं लोंबत राहिली. चाल चालूच. अंतरा. परत मुखडा. कुठेही न घसरता, शेवटपर्यंत... मग एक श्वास. मग, अगदी हलक्या आवाजात...

"झालं?"



शेवटचं गाणं कसंबसं उतरवलं. म्हातारा पिशवी घेऊन निघाला. कोपऱ्यावर त्याने ती गटारात रिकामी केली, हे टेपवाल्याने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

सकाळी कंपनीचा माणूस आला. टेपवाल्याने गाणी लावली. तिचा आवाज स्वच्छ. ड्रम जागेवर, बेस जागेवर.

गिटार नव्हती.

दुसरं गाणं. तिसरं. अकराही. रात्रभर ज्या कानांनी ऐकली, त्याच कानांनी... नव्हती. त्याने मूळ टेप परत चढवली. यंत्रावर तपकिरी लगदा साचला. बाकी काही नाही.

कंपनीच्या माणसाने विचारलं, "ते आजोबा खरंच होते का हो बँडमध्ये?"

गच्चीवर भाची भाच्याला चिकटून बसली.

"स्टेजवरचं एक गाणं आहे त्यात," मामा म्हणाला. "मला ऐकवलंय त्याने. मध्येच ती गायची थांबते. गिटारला एकटीला वाजू द्यायला माइकपासून मागे सरते... पावलं ऐकू येतात. मग मिनिटभर नुसता ड्रम आणि बेस. वर काहीच नाही... आणि मग अख्खं सभागृह टाळ्या वाजवतं. शिट्ट्या मारतं. खूप वेळ..."