चौथी नोंद

सुट्टीची दुपार होती आणि ऑफिसात ती एकटीच. काम तसं किरकोळ. अनेकांनी मिळून लिहिलेल्या प्रोग्रॅमची जुनी-नवी प्रत्येक आवृत्ती सर्व्हरवर जपणारी जावा भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, चार वाजता गिऱ्हाइकाला द्यायची होती. त्याआधी दोनशे बारा चाचण्या आपोआप चालवायच्या, सगळ्या पास होऊन हिरव्या झाल्या की सही ठोकायची.

शेवटची मात्र सकाळपासून लाल होती. ती मास्तरांनी लिहिलेली. तिला हे काम हाताला धरून शिकवणारे मास्तर महिन्यापूर्वी वारले. त्यांची चाचणी साधीच: आवृत्त्या ठेवायचं रिकामं भांडार उघडायचं, दोघांच्या नावाने तीन नोंदी करायच्या, मोजायच्या आणि भांडार पुसून टाकायचं. आज ती तीनच्या जागी चार मोजत होती. साहेब फोनवर म्हणाले, झोपव तिला, चालवूच नको. लाल चाचणीला झोपवू नये, तिचं म्हणणं ऐकावं, असं मास्तर सांगत. तिने मन घट्ट केलं आणि झोपवली.

आता दोनशे अकराच चालायला हव्या होत्या. चालल्या दोनशे बारा.

एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. बाहेरून कुणी खोडी काढत असेल म्हणून तिने नेटवर्कची वायर काढली, पुन्हा चालवलं आणि भांडार पुसलं जायच्या आत उघडलं. चौथ्या नोंदीवर मास्तरांचं नाव होतं. अंगावर सर्रकन काटा आला. खाली एकच ओळ होती: ‘दुसऱ्याचं लिहिलेलं कुठे गेलं?’

तिने शोधलं. दोघांनी एकाच वेळी तीच ओळ बदलली, तर लायब्ररी दुसऱ्याचं लिहिणं गुपचूप गिळत होती. चारनंतर किती जणांची मेहनत अशी गेली असती, कोण जाणे. भीती कुठल्या कुठे पळाली. माणूस जातो आणि त्याची नजर मागे राहते, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

तिने साहेबांना फोन लावला.

“आज देता येणार नाही.”

“का? कोण अडवतंय?”

“मास्तर...”

 साहेब हळूच म्हणाले, “मग... थांब.”

तिने चूक दुरुस्त केली. पण दुसऱ्या कुणी तपासून मंजूर केल्याशिवाय दुरुस्ती लायब्ररीत जात नसे, आणि ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. निदान पाठवून तरी ठेवू, म्हणून वायर जोडायला ती वाकली.

वर पाहते तो पडद्यावर मंजुरी आलेली, आणि खाली मास्तरांचा नेहमीचा एकच शब्द: ‘बरोबर.’

मास्तरांचं सर्व्हरवरचं खातं तिनेच महिन्यापूर्वी बंद केलं होतं. डोळे भरून येईपर्यंत ती त्या शब्दाकडे पाहत राहिली. वायर अजून तिच्या हातातच होती.