मार्लीनचा चेहरा कुणी उजळला?

"हे कुणी केलं?"

श्रुती इतक्या जोरात ओरडली, की खुर्च्या मांडणारा अनुराग आणि फुगे फुगवणारी तस्नीम धावतच आले. सौदी अरेबियातल्या जुबैलच्या त्यांच्या राहत्या कंपाउंडमध्ये ईदच्या सुट्टीतलं चित्रप्रदर्शन संध्याकाळी उघडणार होतं, आणि श्रुतीच्या चित्राचं पार वाटोळं झालं होतं!

चित्र होतं मार्लीनचं. मार्लीन म्हणजे कंपाउंडच्या दवाखान्यातली तरुण नर्स, कॅरिबियनमधल्या त्रिनिदादची. श्रुतीनं तिला उन्हात बसवून इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं रंगवलं होतं. छोटे छोटे फटकारे, काळ्यासावळ्या गालांवर जांभळा, तांबूस, थोडा निळा. आता ते गाल गुळगुळीत गुलाबी झाले होते. मान आणि हात मात्र तसेच सावळे!

"अरे, ये तो कोई और ही लड़की है!" तस्नीम म्हणाली.

"आणि मार्लीन हे सगळ्यांसमोर बघणार?" श्रुतीनं संतापून विचारलं.

अनुरागनं चित्रातल्या गालाला हळूच बोट लावलं. "ओला आहे! तुझा रंग कधीच वाळलाय. वरचा पुसता येईल. पण आधी चोर पकडू."

"कबूल कोण करणार?"

"ओरडायला बोलावलं तर कुणी येणार नाही. सत्काराला बोलावू!"

चहाला जमलेल्या मोठ्यांसमोर तस्नीमनं गोड आवाजात पुकारलं, "जिसने ये चेहरा इतना सुंदर बनाया, उनको स्टेज पे बुलाना है!"

"अगं, मीच!" प्रदर्शनाच्या प्रमुख पद्मजाकाकू लाजत उठल्या. "किती डाग होते! आमच्या सोनलचे स्थळांना पाठवायचे फोटोसुद्धा मीच उजळते."

"आई!" त्यांची मुलगी सोनल किंचाळली. "म्हणून तो मुलगा मला बघून गोंधळला होता?"

हशा पिकला. श्रुती मात्र हसली नाही.

"काकू, ते डाग नव्हते! उन्हात तिच्या गालांवर जांभळा दिसतो, मी बघून रंगवलाय. आणि ती गोरी दिसली तर बरी, हे कुणी ठरवलं? तिला विचारलंत?"

"नाही विचारलं," काकू ओशाळून म्हणाल्या. सोनलनंच तेलात भिजवलेला कापसाचा बोळा आणून दिला. तिघांनी जपून रंग पुसला, तोवर मार्लीन आलीच. ती थेट चित्रासमोर जाऊन उभी राहिली. मग तिनं फोन काढून आईला चित्र दाखवलं.

"आई काय म्हणाली?" श्रुतीनं घाबरत विचारलं.

"म्हणाली, शाबास त्या मुलीची! तुझ्या गालांवर रंग थेट माझ्या आजीचा उतरलाय."

पहिली टाळी पद्मजाकाकूंनी वाजवली.