रेशमी अंतरपाट

काशीराममामाच्या वेणूच्या लग्नाचा आहेर घेऊन दिनानाथ पेणहून एसटीने पनवेलला उतरला आणि खाडीच्या वाटेला लागला. सत्तावन सालचा उन्हाळा. लग्न हे निमित्त.

दिनानाथला एक वेड होतं. लढाईच्या काळात पडलेल्या विमानांची माहिती तो गोळा करी. कोण कुठे पडलं, कोणी उडी मारली, कोणाची हवाई छत्री उघडली. लोक हसत. पण त्या वेडाच्या मुळाशी त्याचा थोरला भाऊ होता. श्रीधरचं विमान चव्वेचाळीस साली याच खाडीवर पेटलं. चौकशीवाल्यांनी लिहून टाकलं, वैमानिक घाबरला, छत्रीची दोरी त्याने ओढलीच नाही. साक्ष एकट्या काशीरामची. तो मिठागरावर होता. पोरगा दगडासारखा पडला, छत्री त्याच्यासकट चिखलात गडप झाली, असं त्याने सांगितलं.

प्रेत तेवढं दुसऱ्या दिवशी ओहोटीला वर आलं, तेही त्यानेच बैलगाडीतून आणलं. वाकड्या करंगळीवरून ओळख पटली. आईला भाऊ नव्हता. त्या दिवाळीपासून ती काशीरामला ओवाळू लागली, आणि तो दिनानाथचा मामा झाला. दरसाल टोपलीभर मीठ घेऊन यायचा. इतकी वर्षं या घराने त्याचं मीठ खाल्लं. तरी आई अधूनमधून विचारायचीच, माझा श्रीधर भित्रा होता का रे? दिनानाथला ती जागा एकदा बघायची होती, पण मामा दरवेळी टाळायचा. आज लेकीच्या लग्नात तो नाही म्हणणार नाही, असं दिनानाथला वाटलं होतं.

गोरज मुहूर्त होता. मांडवात गॅसबत्त्या सूं सूं करत होत्या, वारा अगदी पडलेला. बहिणीचा मुलगा म्हणून काशीरामने मानाने दिनानाथला पुढे घेतलं आणि अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हाती दिलं. कापड घरचंच, घरातली सगळी लग्नं त्याच्याच आड लागलेली. पांढरंशुभ्र, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक.

मंगलाष्टकं सुरू झाली. दिनानाथची बोटं नकळत काठावरून फिरली. रेशीम. तिरका कापलेला पट्टा, दुहेरी शिवण, आणि शिवणीच्या आत दोरी... काठाशी कोयत्याने सफाईने तोडलेली. अशी शिवण त्याने किती छत्र्यांवर पाहिली होती. चिखलात गडप झालेली छत्री त्याच्या हातात होती.

मग वारा नसताना कापड फुगलं. वर ओढ घेऊ लागलं, आणि खाली कुणी लोंबकळत असावं तसं जड झालं. खाडीच्या चिखलाचा वास मोगऱ्याच्या वासावर चढत गेला. आणि कापडाच्या आतून, अगदी हळू...

"मामा... हात द्या..."

श्रीधरचा आवाज. कुठल्याही अनोळखी वडीलधाऱ्याला तो मामाच म्हणे. कुणाचीही मान वळली नाही. फक्त समोर उभ्या काशीरामचे ओठ हलले, झोपेत बोलावं तसे.

"आदी कापड सोड, पोरा... मंग देतो हात."

दिनानाथला सगळं कळलं. छत्री उघडली होती. श्रीधर जिवंत उतरला होता, छातीभर चिखलात, भरतीच्या तोंडावर. कापड रेशनवर मिळायचं ते दिवस. या माणसाने आधी रेशीम तोडून घेतलं आणि हात दिलाच नाही. आईने ज्याला ओवाळलं, आपण ज्याच्या पाया पडलो, तो हा. रागापेक्षा त्याला लाज जास्त वाटली. इतकी वर्षं फसलो, तेही प्रेमाने.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. कापड गोळा करायला काशीराम पुढे आला. दिनानाथने टोक सोडलं नाही. त्याच्या तोंडून शब्द गेले, पण आवाज त्याचा नव्हता.

"आधी हात द्या, मामा."

काशीरामने उजवा हात पुढे केला, आणि कापडाआड काहीतरी ओलं, गार त्याभोवती मिटलं.

घरी दिनानाथने आईला एवढंच सांगितलं, छत्री उघडली होती, श्रीधर भित्रा नव्हता. ती पोटभर रडली. पुढचं त्याच्या तोंडून निघेना. तिला भाऊ म्हणायला हा एकच.

त्या भाऊबीजेलाही काशीराम आला. उजवा हात उपरण्यात गुंडाळून पाटावर बसला, तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. ओवाळून तबक खाली ठेवताना आई थांबली. पाटासमोर ओला चिखल होता. त्यात पाच बोटं उमटलेली, करंगळी वाकडी.

दिनानाथ फडकं आणायला वळला. आईने त्याला थांबवलं. तिने त्या बोटांवर आपला हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "काशीभाऊ, माझा श्रीधर कुणाकडे हात मागतोय हो?"

काशीरामने उपरणं हाताभोवती घट्ट ओढलं. आईच्या बोटांभोवती चिखलाची ती पाच बोटं, मूठ वळावी तशी, हळूहळू मिटत होती.