खरी बाटली कोणाची

हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती म्हणून दोघांची गाठ पडली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये ती कठड्याला धरून उभी होती, भिंतीवरची सूचना वाचत असल्याचं सोंग करत. तोही तीच सूचना वाचायला थांबला. सूचना दोन ओळींची होती, आणि दोघांनी ती चांगली पाच मिनिटं वाचली.

"तुम्हीही... हृदयवालेच का?" त्यानं विचारलं.

तिला हसू आलं, पण हसायलाही दम पुरेना. ती बेकरीत केक सजवायची, आणि तो चक्क लिफ्ट दुरुस्त करायचा. मग ही का नाही करत, असं तिनं विचारलं, तर ही दुसऱ्या कंपनीची आहे, असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

दोघांचा आजार एकच, जन्मापासूनचा. हृदयाचा स्नायू जाड होत चाललेला. वरच्या मजल्यावर त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालली होती. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पिठाची गोळी. कोणाला काय, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं, ते मोहोरबंद पाकिटात होतं. औषध लागू पडलं नाही तर तिचं ऑपरेशन अटळ होतं, तेही छाती उघडून. त्या नुसत्या कल्पनेनं तिची झोप उडायची.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाटली मिळायची. मग रक्ततपासणी आणि कार्डिओग्राम, मग खाली कँटीनमध्ये कॉफी. दुसऱ्याच महिन्यात 'तुम्ही' गळून पडलं. तिच्या कोपराला लागलेलं क्रीम शोधून दाखवणं हे तो आपलं कामच समजू लागला. तिसऱ्या महिन्याच्या मंगळवारी त्यानं सांगितलं की आज जिना एका दमात चढलो, खरी बाटली बहुतेक माझीच. ती मनापासून खूश झाली. मात्र क्षणभर तिचा चेहरा उतरला, आणि तेवढं त्यानं नेमकं टिपलं.

पुढे तिची तब्येत ढासळतच गेली. सहाव्या महिन्याच्या मंगळवारी ती तपासणीच्या खोलीतच कोसळली. शुद्ध आली तेव्हा डॉक्टरीणबाई पलंगाशी उभ्या होत्या, हातात फोडलेलं पाकीट घेऊन.

"तुझ्या बाटलीत खरं औषध आहे," बाई म्हणाल्या, "आणि मागच्या तीन महिन्यांच्या रक्तात त्याचा मागमूस नाही. गोळ्या फेकून देतेस का?"

तिनं एकही गोळी चुकवली नव्हती. तेवढ्यात तिचं दाराकडे लक्ष गेलं. तो तिथे उभा होता, पांढराफटक.

"तिच्या गोळ्या मी खाल्ल्या," तो म्हणाला.

कार्डिओग्रामला आत जाताना ती पर्स त्याच्याकडे देऊन जायची. तीन महिने तो दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्यांची अदलाबदल करत होता... खरं औषध तिला मिळावं म्हणून. बाईंनी त्याचंही पाकीट फोडलं. त्याच्या बाटलीत पहिल्यापासून पीठच होतं.

ती पलंगावर उठून बसली. "मग तू जिना चढलास कसा?"

"माहीत नाही," तो पुटपुटला. "वर तू असायचीस."

बाईंनी दोघांनाही चाचणीतून काढून टाकलं. औषध आता दोघांनाही नाही, आणि तिचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात. बाई निघून गेल्या. ती त्याच्यावर भयंकर संतापली होती. आणि तरीही या गाढवावर आपला जीव जडलाय, हे तिनं मनाशी कबूल करून टाकलं.

"यापुढे मला न विचारता माझं काहीही ठरवायचं नाही."

"नाही ठरवणार."

"मग विचार."

त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो मटकन खुर्चीत बसला.

"लग्न... करशील माझ्याशी?"

"करीन. पण ऑपरेशनच्या आधी," ती म्हणाली. "मला आत नेतील तेव्हा बाहेर माझा नवरा बसलेला हवाय."